जुन्या मोटरहोमसाठी डीसी क्लॅम्प मीटर : आठ महिने वापरल्यावर

मीटर युनि-टीचा यूटी२१०ई : वायर न तोडता तिच्याभोवती जबडा मिटवून करंट मोजणारा. गाडी नव्वदच्या दशकातली अमेरिकी क्लास सी मोटरहोम (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेलं फिरतं घर) : बाहेरच्या विजेची ३० अँपिअरची जोडणी, ६ व्होल्टच्या दोन गोल्फकार्ट बॅटऱ्या सिरीजमध्ये (मिळून १२ व्होल्ट), आणि बाहेरच्या विजेवरून बॅटरी भरणारा कन्व्हर्टर मूळचाच.

घेताना मॉडेलचं शेवटचं अक्षर नीट वाचा. याच मालिकेतले हुबेहूब दिसणारे काही मीटर फक्त एसी करंट मोजतात, आणि मोटरहोममधली खरी डोकेदुखी १२ व्होल्ट डीसीची असते.

दिवे मंदावले की पहिला बळी बॅटरीचा जातो. बऱ्याचदा ती बिचारी निर्दोष असते. लोड नसताना, म्हणजे काहीच चालू नसताना, गंजलेल्या जोडापलीकडेही मीटर भरलेल्या बॅटरीचे १२.६ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळपास काहीच करंट ओढत नाही. म्हणून लोड चालू ठेवूनच मोजायचं. भट्टीचा (गाडी उबदार ठेवणाऱ्या हीटरचा) पंखा लावा. क्लॅम्पवर सात-आठ अँपिअर दिसतील. मग व्होल्टवर येऊन एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा (थिंबलवर, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्यावर नव्हे, शिशाच्या खांबावरच) आणि दुसरा फ्यूज पॅनेलच्या निगेटिव्ह पट्टीवर. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. ८ अँपिअरला ०.५ व्होल्ट पडत असेल तर त्या वाटेवर ४ वॅट नुसते तापण्यात जातात. दोष बहुधा चासीच्या बोल्टवर, म्हणजे निगेटिव्ह वायर गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली असते तिथे, सापडतो. बॅटरीची निगेटिव्ह सोडवा, बोल्ट काढा, रंग-गंज खरवडून लोखंड चकचकीत करा. वायर इन्सुलेशनच्या आतून हिरवी पडली असेल तर तेवढी कापून नवं थिंबल दाबा. ग्रीस घट्ट आवळल्यावर वरून. पॉझिटिव्ह बाजूही अशीच तपासा.

बॅटरी उभ्याउभ्या उतरत असेल तर सगळं बंद करून २ अँपिअरची रेंज. इथे १ मिलिअँपिअरपर्यंत वाचता येतं, पण शून्य करण्याची शिस्त हवी : जबडा मिटलेला, वायर बाहेर, मीटर मोजणीच्याच जागी आणि त्याच दिशेला धरून झिरोचं बटण. मीटर नुसता फिरवला तरी आकडा हलतो. निगेटिव्हला दोन-तीन वायरी असतील तर सगळ्या एकत्र जबड्यात घ्या, नाहीतर एकेक मोजून बेरीज करा. गॅस अलार्मचे शंभरेक मिलिअँपिअर किंवा कमी चालतील. अर्धा अँपिअर दिसला तर फ्रिजच्या दाराच्या चौकटीचा हीटर आधी पाहा. अर्धा अँपिअर म्हणजे दिवसाला १२ अँपिअर-तास. २२० च्या बॅटरीतले वापरण्याजोगे ११० नऊ दिवसांत संपतात. कारण तो हीटर नसेल तर एकेक फ्यूज उपसत आकड्यावर नजर ठेवा.

बाहेरची वीज जोडूनही बॅटरी १२.६ वरच अडली तर कन्व्हर्टरवरचे उलट-पोलॅरिटीचे (बॅटरी उलटी जोडली तर उडणारे) फ्यूज पाहा. सहा-सहाची जोडी उलटी लावण्याची चूक सोपी आहे. एकदा झाली की हे उडतात. फ्यूज शाबूत आणि कन्व्हर्टरपाशी १३.६ असेल, तर मधली वायर किंवा कट-ऑफ स्विच खराब. व्होल्टेज बरोबर पण करंट पाच-सहा अँपिअरच, हे जुन्या एकटप्पी (कायम एकाच व्होल्टेजवर भरणाऱ्या) कन्व्हर्टरचं लक्षण : अर्धी उतरलेली बॅटरी रात्रभरात भरत नाही, आणि महिनोन्‌महिने जोडून ठेवली तर तिचं पाणी आटतं.

१२० व्होल्टच्या बाजूला फार सांगण्यासारखं नाही, एक सोडून. घरी ३० अँपिअरचं सॉकेट बसवून घेतलंत तर प्लग लावण्याआधी व्होल्टेज मोजा. इलेक्ट्रिशियन ते कपडे वाळवायच्या यंत्राचं समजून २४० देतात, आणि मग कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह एका झटक्यात जातात.

मीटरची मर्यादा १०० अँपिअर आणि जबडा १७ मिलिमीटर. १५०० वॅटचा इन्व्हर्टर (बॅटरीवरून १२० व्होल्ट एसी देणारा) पूर्ण लोडवर १२५ च्या वर ओढतो, स्टार्टर त्याहूनही जास्त. तिथे हा क्लॅम्प कामाचा नाही. स्टार्टरसाठी इंजिन फिरवताना बॅटरीचं व्होल्टेजच बघावं : ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी भरून पुन्हा तपासा, आणि तरीही तेच आलं तर मात्र बहुधा बॅटरीच बदलावी लागेल.