रेडीमेड चिलखताचं किट: पॅटर्नला पैकीच्या पैकी, गोंदाला भोपळा

कॉस्प्लेचं, म्हणजे आवडत्या पात्राचं सोंग घेण्यासाठीचं, फोमचं चिलखत आता ऑनलाइन किटमध्ये मिळतं. छाती, पाठ, दोन खांदे, दोन मनगटं. किंमत साडेतीन हजारांच्या घरात. पुण्या-मुंबईच्या किंवा हैदराबादच्या कॉमिक कॉनला (कॉमिक्सप्रेमींच्या मेळ्याला) जाणारी संभाजीनगर, जालना, नांदेडकडची मुलं हे किट मागवतात, कारण आपल्याकडे यातलं काही मिळत नाही असा समज आहे. तो अर्धाच खरा. सामान इथे मिळतं, पॅटर्न, म्हणजे तुकडे कापायचा नमुना, मिळत नाही. किट घ्यायचं तर पैसे पॅटर्नचे मोजतोय हे धरून घ्यावं.

खोक्यात ५ मिमी ईव्हीए फोमचे (चपलेच्या सोलला वापरतात त्या टणक फोमचे) लेझरने कापलेले तुकडे, काठाला लावायच्या २ मिमीच्या पट्ट्या, हॉट ग्लूच्या, म्हणजे वितळवून लावायच्या गोंदाच्या, कांड्या, चिकट पाठीचा वेल्क्रो आणि सूचनांचा एक कागद असतो. रंग, प्रायमर, कटर काही नाही. ग्लू गन आणि गरम हवा फेकणारी हीट गनही आपलीच.

पॅटर्न मात्र झकास. खांद्याचं भांडं चार पाकळ्यांत विभागलंय, त्यामुळे जोडल्यावर गोलाई आपोआप येते. छातीच्या तुकड्यांवर जोडखुणा आहेत, बगलेची खोल नीट काढलीय, हात वर केला तरी छाती गळ्याशी येत नाही. ही अक्कल नवशिक्याला पहिल्या झटक्यात सुचणं अवघड. म्हणून पहिलं काम: काहीही चिकटवण्याआधी प्रत्येक तुकडा ब्राऊन पेपरवर ठेवून पेन्सिलने उतरवून घ्या. जोडखुणा, डावा-उजवा, वरची बाजू, सगळं लिहा. एकदा हे कागद हातात आले की पुढची दहा चिलखतं इथल्याच फोममधून निघतात.

माप एकच आहे, साधारण ३८ इंच छातीचं. वाढवताना बहुतेकांचं गणित फोमच्या जाडीपाशी चुकतं. शीट वाकवली की आतली बाजू आखडते. पूर्ण गोलाला ५ मिमी फोममध्ये आतला घेर सुमारे १६ मिमी कमी भरतो, १० मिमी फोममध्ये सुमारे ३१. म्हणजे टेपने अंगाचा घेर घेतला आणि तेवढाच फोम कापला तर चिलखत आवळणारच. जाडीला ३.१४ ने गुणा आणि तेवढं वाढवा, त्यावर टी-शर्टची ढील वेगळी. वाढ एकाच जागी देऊ नका. दोन्ही कुशींत निम्मी-निम्मी द्या, नाहीतर छातीवरची नक्षी एका बाजूला सरकते.

लेझरच्या कापाबद्दल दोन तक्रारी. एक, कड किंचित वितळून काचेसारखी गुळगुळीत होते आणि गुळगुळीत कडेला गोंद धरत नाही. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने प्रत्येक कड हलकी घासावी लागते; तोंडावर मास्क हवा, ही धूळ बारीक असते. दुसरी तक्रार मोठी आहे. सगळे काप सरळ, ९० अंशांतले. खांद्याच्या पाकळ्या ज्या कोनात भेटतात तिथे तिरकी कड लागते, ती दिलेलीच नाही, त्यामुळे बाहेरून फट दिसते. नव्या ब्लेडने कड स्वतः तिरकी करा. कटर करवतीसारखा मागेपुढे ओढला तर दातरे पडतात, एकाच लांब ओढीत कापायचं. ब्लेड बोथट झालं की फोम कापला न जाता फाटतो, तेव्हा टोक मोडून पुढचं काढायला कंजुषी नको. उरलेली फट हार्डवेअरच्या दुकानातल्या ॲक्रेलिक सिलंटने भरते. मागताना ‘ॲक्रेलिक’ असं स्पष्ट म्हणा. सिलिकॉन दिलं तर त्यावर रंग बसत नाही आणि खरवडून काढताना फोमचं सालही निघतं.

आता गोंद. हॉट ग्लू गरम झाला की मऊ पडतो, हा त्याचा धर्मच आहे. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२च्या वर असतो आणि उन्हात उभ्या बंद गाडीत ६० अंशही पार होतात. तेवढ्या उष्णतेत हॉट ग्लूचे ताणातले जोड सुटतात, आधी खांद्याचे, कारण तिथे वाकवलेला फोम सरळ व्हायला धडपडत असतो. असं सामान मराठवाड्यात पाठवणाऱ्याने आपला उन्हाळा नकाशावरसुद्धा पाहिलेला नसावा. कांड्या बाजूला ठेवा आणि चप्पल दुरुस्तीला वापरतात ते रबर सोल्युशन आणा.

पद्धत अशी: दोन्ही कडांना पातळ थर, मग थांबायचं. डब्यावर १०-१५ मिनिटं लिहिलेलं असतं, पण आपल्या उन्हाळ्यात त्याच्या निम्म्यातच थर सुकतो, म्हणून घड्याळापेक्षा बोट लावून बघा. बोटाला चिकटला नाही की जोडायचा. फार थांबलात तर तो मरतो, पुन्हा थर द्यावा लागतो. दोन कडा टेकल्या की सरकवता येत नाहीत, म्हणून जोडखुणांपासून सुरुवात करून बोटाबोटाने दाबत पुढे जा. थर जाड झाला तर वरून सुकलेला वाटतो, आत ओलाच राहतो आणि तासाभराने जोड उघडतो. वास डोक्यात चढतो. हे काम गच्चीवर किंवा अंगणात करायचं, गॅस-शेगडीपासून लांब.

आकार मात्र गोंदाच्या आधी द्यायचा, कारण हीट गनने ताजा जोडही सुटतो. नोझल ८-१० सेंटिमीटरवर धरा आणि सतत फिरवत राहा. फोमची खरखरीत पाठ हलकी चमकली की बारीक छिद्रं मिटली, तेवढं बास. लगेच गुडघ्यावर किंवा पालथ्या पातेल्यावर दाबून गार होईपर्यंत धरा. एकाच जागी गन थांबली तर खड्डे पडतात आणि ते भरून निघत नाहीत.

ही चमक आणणं टाळू नका. छिद्रं उघडी राहिली तर फोम रंग पितो, कितीही हात मारा. त्यावर लाकडाचा पांढरा गोंद थोडं पाणी घालून, पातळ तीन-चार हात. छाती-पाठीला तो पुरतो, पण कोपर आणि कमरेच्या वाकणाऱ्या जागी तडकतो, कारण सुकल्यावर तो ताठ होतो. तिथे लवचीक ॲक्रेलिक कोट वापरा, नाहीतर तडा दिसेल तिथे ‘लढाईत पडलेला’ म्हणून काळा रंग भरा. बरेच जण तेच करतात.

चंदेरी पावडर नुसती चोळू नका, वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, हवाच. दुसऱ्याच्या कपड्याला आपलं सोंग लागू नये हा या छंदातला जुना दंडक आहे. १९७२ साली लॉस एंजलिसच्या वर्ल्डकॉनमध्ये (विज्ञानकथाप्रेमींच्या जागतिक संमेलनात) एकजण अंगाला पीनट बटर फासून मंचावर आला. ते दिव्यांच्या उष्णतेने नासलं आणि इतरांच्या पोशाखांना लागलं. तेव्हापासून ‘पीनट बटर नको’ हा नियम चेष्टेत आणि गांभीर्याने, दोन्ही प्रकारे सांगितला जातो.

रेडीमेड किट घालून स्पर्धेत उतरावं का, हा प्रश्न हमखास येतो. १९३९च्या न्यूयॉर्कमधल्या पहिल्या वर्ल्डकॉनला फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोन विज्ञानकथाप्रेमी भविष्यातल्या माणसांचे पोशाख घालून गेले. दोन्ही पोशाख मर्टल डग्लस यांनी शिवले होते. स्वतः शिवायचं, स्वतः घालायचं, ही रीत तिथून पडली. पुढे तिकडच्या मास्करेडमध्ये, म्हणजे संमेलनातल्या पोशाख-स्पर्धेत, कारागिरीचं परीक्षण मंचामागे वेगळं होऊ लागलं आणि नवशिक्याला उस्तादासमोर उभं करायचं नाही म्हणून कौशल्याचे गट पडले. भारतात कॉमिक कॉन २०११ साली दिल्लीत सुरू झालं. आता पोशाख विकत घेऊन फक्त फोटोंसाठी येणारेही भरपूर आहेत, आणि त्यात काही वावगं नाही. भारुडातलं सोंग बघणाऱ्या पैठणच्या मुलखाने सोंग वठलं की नाही एवढंच पाहिलं, लुगडं कुठून आणलं हे विचारलं नाही. पण कारागिरीचं बक्षीस मागायचं असेल तर किटचा पॅटर्न वापरला हे फॉर्मवर लिहा आणि कामाच्या टप्प्यांचे फोटो जवळ ठेवा. बहुतेक स्पर्धांत पोशाखाचा मोठा भाग स्वतः केलेला लागतो, नियम आधी वाचा.

चिकट वेल्क्रो घामाने सुटतो. बॅग दुरुस्तीवाल्याकडून क्लिप बकल आणि एक इंची पट्टा घ्या, पट्ट्याचं टोक फोमच्या दोन थरांत सोल्युशनने दाबा. फोममधून वारा जात नाही, आत सुती बनियन हवाच.

नेताना छाती-पाठ जोडलेलं नेऊ नका. कुशीतले बकल सोडा, पाठ छातीत बसवा, खांदे मनगटांवर ठेवा, सगळं चादरीत गुंडाळून बर्थखाली सरकवा. बसच्या टपावर टाकलं तर उन्हाने आकारच बदलतो.

इथे फोम घेताना मात्र जपून. ‘फोम शीट’ म्हटलं की दुकानदार सोफ्याचा पिवळा स्पंज किंवा पॅकिंगचा पांढरा फोम काढतो. नखाने दाबा: ईव्हीए टणक लागतो आणि खूण लगेच भरते, पॅकिंगचा फोम चुरचुरतो आणि गरम हवेत आक्रसतो. चपलांचं कच्चं सामान विकणाऱ्याकडे विचारा, सोलचा ईव्हीए तोच असतो, फक्त जास्त कडक आलेला नाही ना ते वाकवून बघा. २ मिमीचा रंगीत ईव्हीए संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या स्टेशनरीच्या दुकानांत ए-फोर मापात मिळतो, काठाच्या पट्ट्यांना तो पुरे.

ग्रुपमध्ये चौघं असाल तर एकच किट घ्या, कागद उतरवा आणि बाकी तिघांचं इथल्या शीटमधून कापा. एकट्याला, तेही फक्त एका कार्यक्रमापुरतं, हे महाग पडतं. ३४ इंचांच्या आतली आणि ४२च्या वरची छाती असेल तर मागवूच नका. एवढा फरक कुशीतून निघत नाही, बगलेची खोल आणि गळाही बदलावा लागतो, आणि मग पैसे ज्याचे मोजले तो पॅटर्नच उरत नाही.