एम.एस्सी. बॉटनी : तिसऱ्या सेमिस्टरपर्यंत वापरून झाल्यावर

प्रवेशाचा हंगाम आला की नातेवाइकांपासून ज्युनिअरांपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "बॉटनीत एम.एस्सी. करून पुढे काय?" पुढचं पुढे सांगते. दोन वर्षांत हाताला काय लागतं हे मात्र कोणी विचारत नाही, म्हणून आधी ते. माझं तिसरं सेमिस्टर संपत आलंय. कॉलेज पश्चिम महाराष्ट्रातलं आहे, नाव सांगत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आमच्याकडे दोन वर्षांचे ८८ क्रेडिट आहेत, म्हणजे सेमिस्टरला २२. पहिल्या वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. थिअरीबद्दल फार लिहीत नाही. अल्गी (शेवाळं), फंगाय (बुरश्या), ब्रायोफायटा (मॉस वगैरे), टेरिडोफायटा (नेचे वगैरे) हा क्रम बी.एस्सी.लाच पाठ झालेला असतो. इथे तोच जरा जाड होऊन येतो. सिनिअरांच्या नोट्सवर पेपर निघतो.

खरा माल प्रॅक्टिकलला आहे, आणि त्यातही ॲनाटॉमीत, म्हणजे झाडाच्या आतल्या रचनेत. पारिजातकाची कोवळी फांदी चिमटीत धरून फिरवा, गोल नाही, चौकोनी लागेल. आता नवीन ब्लेड घ्या, ते पाण्यात बुडवा आणि एकाच दिशेने ओढत पातळ काप काढा. करवतीसारखं पुढेमागे केलंत की काप फाटलाच. वॉच ग्लासातल्या पाण्यात सगळे काप सोडायचे, त्यातला जो जवळजवळ दिसत नाही तो ब्रशने उचलायचा, सॅफ्रनिन या लाल रंगात ठेवायचा, धुवायचा, ग्लिसरीनच्या थेंबात काचपट्टीवर माउंट करायचा. मायक्रोस्कोपखाली पाणी-अन्न वाहणाऱ्या नळ्यांचं मधलं नेहमीचं वर्तुळ दिसतं, आणि त्याच्या बाहेर, सालीलगतच्या कॉर्टेक्समध्ये, चारही कोपऱ्यांना अशा नळ्यांचा एकेक वेगळा जुडगा, म्हणजे व्हॅस्क्युलर बंडल. तोही उलटा, पाणी वाहणारं झायलेम बाहेरच्या बाजूला आणि अन्न वाहणारं फ्लोएम आत. बोटाला लागलेले ते चार कोपरे आतून असे भरलेले आहेत हे पुस्तकातल्या आकृतीत मला कधी कळलं नव्हतं. अंगणातल्या बोगनवेलीचा काप काढला तर आणखी वेगळीच तऱ्हा, खोडात बंडलांची वर्तुळावर वर्तुळं. माझ्यासाठी फी इथेच वसूल झाली.

टॅक्सॉनॉमी, म्हणजे झाडं ओळखून त्यांचं वर्गीकरण करणं, ही रोजची कटकट, पण सवय लागली की सुटत नाही. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याची जी फ्लोरा (तिथल्या झाडांचा ग्रंथ) लिहिली, तिच्यातल्या 'की', म्हणजे झाड ओळखायच्या प्रश्नांच्या पायऱ्या, आजही टेबलावर असतात. (हे कुक पेशाने इंजिनिअर, पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य. बॉटनीवाल्यांनी यातून काय तो बोध घ्यावा.) पानं समोरासमोर की एकाआड एक, बीजकोश वर की खाली, असं पायरीपायरीने नावापर्यंत जायचं. एक पायरी चुकली की भलत्याच कुळात पोहोचता. त्यात विभागातली हर्बेरियमची (वाळवून शीटवर चिकटवलेल्या नमुन्यांची) कपाटं बेंथम-हूकरच्या जुन्या वर्गीकरणाच्या क्रमाने लावलेली, आणि वर्गात शिकवतात २०१६ ची एपीजी-४ ही डीएनएवर आधारलेली नवी पद्धत. त्यामुळे कपाटात साग निर्गुडीशेजारी व्हर्बिनेसी कुळात, आणि परीक्षेत दोघेही तुळशीच्या कुळात. रुई आता कण्हेरीच्या घरात, काटेसावर जास्वंदीच्या. सगळ्यात जास्त राग बाभळीचा येतो. २००५ च्या व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय बॉटनी काँग्रेसमध्ये 'अकेशिया' हे नाव ऑस्ट्रेलियन झाडांसाठी राखून ठेवलं गेलं, त्यामुळे आपली बाभूळ झाली 'व्हॅचेलिया', खैर झाला 'सेनेगॅलिया', आणि रस्त्याकडेला लावलेली ती ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र दिमाखात अकेशियाच राहिली. दोन्ही नावं पाठ करा, गत्यंतर नाही.

फील्ड टूर चुकवू नका. मालवणला अल्गी बघायला अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, मोठी ओहोटी गाठून जातात. खडकावरचं सरगॅसम आणि उल्वा हातात घेतल्यावर बाटलीतल्या फॉर्मॅलिनमधले पांढुरके नमुने बघवत नाहीत. कास पठारावर मात्र काही तोडायचं नाही, फक्त फोटो आणि नोंदी.

मॉलिक्युलर बायोलॉजीबाबत कॉलेजवर सगळं अवलंबून आहे. सीटॅब (पेशी फोडणारं एक रसायन) वापरून डीएनए आम्ही स्वतः काढला. जास्वंदीची पानं घेतलेल्या गटाच्या ट्यूबमध्ये नुसता बुळबुळीत चिकट गोळा उरला, कारण पानातला म्युसिलेज (चिकट द्रव) डीएनएबरोबर खाली येतो. हे कोणी आधी सांगितलं नाही ते बरंच झालं, आता कोणी विसरणार नाही. डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर मशीन मात्र आम्ही काचेच्या दारातून पाहिलं. 'डेमो' म्हणतात त्याला.

ऑन जॉब ट्रेनिंगला मला एक टिश्यूकल्चर लॅब मिळाली, झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीत केळीची रोपं बनवणारी. सुरुवातीचा बराच काळ बाटल्या धुण्यात गेला आणि त्याबद्दल माझी तक्रार आहे. नंतर मीडियावर (रोपांना बाटलीत लागणारं पोषक मिश्रण बनवायला) घेतलं तेव्हा त्याचा १९६२ चा मुराशिगे-स्कूगचा फॉर्म्युला, पीएच ५.८, १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणं), हे सगळं वहीतून हातात उतरलं. लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या निर्जंतुक टेबलाशी) काम करताना का बोलायचं नाही हे तिथल्या बायकांनी शिकवलं. दहावी झालेल्या त्या ताई आमच्यापेक्षा कितीतरी पटीने वेगात कटिंग करतात आणि त्यांच्या बाटल्यांत बुरशी धरत नाही.

आता तो "पुढे काय". संशोधन आणि प्राध्यापकीसाठीच्या सीएसआयआर नेट परीक्षेला बॉटनीचा वेगळा पेपर नाही, आहे तो लाइफ सायन्सेस. त्यात इम्युनॉलॉजी आणि प्राण्यांची फिजिऑलॉजीसुद्धा येते. म्हणजे दोन वर्षं पानं मोजायची आणि परीक्षेसाठी किडनी वाचायची. आमच्या अभ्यासक्रमाने याची जराही तयारी करून घेतली नाही, ती वेगळी करावी लागते. त्यातून जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, तेही पीएच.डी.ला लागल्यावर. लगेच नोकरी हवी असेल तर रोपवाटिका, बियाणे कंपन्या, टिश्यूकल्चर, पर्यावरण सल्लागारांकडे झाडांची नोंदणी ही कामं आहेत. पगार सुरुवातीला बेताचा.

प्रवेश घ्यायच्या आधी विभागात एकदा चक्कर मारा. हर्बेरियमचं कपाट उघडायला सांगा आणि शीटवरच्या लेबलांच्या तारखा बघा; शेवटची शीट फार जुनी असेल तर त्या विभागाचं बाहेर जाणं बंद पडलंय. मायक्रोटोमवरचं (पातळ काप काढायच्या यंत्रावरचं) कव्हर उचलून धूळ बघा. आणि भिंग आत्ताच घ्या, दहा पटीचं, दोरी बांधून गळ्यात अडकवायचं. कॉलेजची भिंगं वर्गाला पुरत नाहीत आणि त्यांची काच ओरखडलेली असते.