बारा मुली, नऊ जागा: एका सॉफ्टबॉल क्लबमधल्या हंगामाविषयी

गेल्या ऑगस्टपासून या जुलैपर्यंत माझी मुलगी मध्य न्यू जर्सीतील एका ट्रॅव्हल सॉफ्टबॉल क्लबच्या (चाचणी घेऊन मुली निवडणाऱ्या आणि बाहेरगावच्या स्पर्धांना जाणाऱ्या क्लबच्या) बारा वर्षांपर्यंतच्या मुलींच्या संघात खेळली. क्लबचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी येणार आहेत त्या एका संघाच्या आणि एका हंगामाच्या आहेत; त्याच क्लबच्या इतर वयोगटांचा मला अनुभव नाही. तरीही सविस्तर लिहावेसे वाटले, कारण आमच्या ओळखीच्या मराठी घरांतल्या तीन मुली यंदा अशाच क्लबांच्या निवड चाचणीला जाणार आहेत आणि त्यांच्या आईवडिलांनी मला जे प्रश्न विचारले ते सगळे मैदान, गणवेश, हॉटेल आणि प्रवास यांविषयीचे होते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा. मुलीला प्रत्यक्ष किती इनिंग (एका इनिंगमध्ये प्रत्येक संघ तीन जणी बाद होईपर्यंत बॅटिंग करतो) खेळायला मिळणार आणि ते कोण, कशाच्या आधारे ठरवणार, हे फी भरण्यापूर्वी विचारले पाहिजे.

वर्षाची फी 1,900 डॉलर होती. तिच्यात हिवाळ्यातला इनडोअर सराव, दोन गणवेश आणि आठ स्पर्धांचे प्रवेशशुल्क आले; बॅट, हातमोजा, पेट्रोल आणि मुक्काम आपापला. सरावाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. जानेवारीपासून आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास, प्रत्येक मुलीला ग्राउंडर (जमिनीवरून येणारे चेंडू), फेकी आणि बंट (बॅटने चेंडू हलकेच ढकलणे) यांचा पुरेसा सराव मिळाला आणि माझ्या मुलीचा सेकंड बेसवरून फर्स्टला जाणारा चेंडू, जो पूर्वी दोन टप्पे घेऊन पोहोचायचा, तो मे महिन्यापर्यंत सरळ मोज्यात जाऊ लागला. एवढ्यापुरते पैसे वसूल झाले असे मी मनापासून म्हणेन.

खेळायला मिळणाऱ्या वेळेची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. यापूर्वी ती दोन वर्षे गावच्या लिटल लीगमध्ये (लहान मुलामुलींच्या स्थानिक संघांच्या संघटनेत) खेळली होती. लिटल लीगने 1974 मध्ये मुलींसाठी सॉफ्टबॉल सुरू केला आणि तिथला नियम स्पष्ट आहे: नियमित हंगामातल्या सामन्याला हजर असलेल्या प्रत्येक खेळाडूला किमान सहा बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षण आणि किमान एकदा बॅटिंग मिळालीच पाहिजे. म्हणजे दोन इनिंगची हमी, मग मुलगी कशीही खेळो. ट्रॅव्हल बॉलच्या ज्या स्पर्धा आम्ही खेळलो त्यांत अशी हमी नव्हती. तिथे संघ निवडीचा असतो आणि कोणाला कधी उतरवायचे हे कोच ठरवतो. हे मान्य करूनच आपण आत जातो.

या क्लबचे कौतुक यासाठी की त्यांनी आपले धोरण लपवले नाही. निवडीनंतरच्या पहिल्याच बैठकीत एक पानी पत्रक हातात दिले. शनिवारच्या साखळी सामन्यांत बाराही मुली बॅटिंग करतील आणि क्षेत्ररक्षणाची वेळ शक्य तितकी समान वाटली जाईल. रविवारच्या बाद फेरीत संघ जिंकण्यासाठी उतरेल आणि निवड कोचची असेल, असे त्यात लिहिले होते. आम्ही सही केली. अशी विभागणी पुष्कळ क्लब करतात आणि तत्त्वतः मला ती पटते, कारण स्पर्धात्मक संघात येणाऱ्या मुलीला जिंकण्याची ओढ असतेच आणि त्यासाठी कधीतरी बाकावर बसण्याची तयारीही ठेवावी लागते.

इथे थोडे गणित मांडते, कारण त्यानेच माझे बरेच गैरसमज दूर झाले. सॉफ्टबॉलचा सामना कागदोपत्री सात इनिंगचा असला तरी आमच्या स्पर्धांत वेळेची मर्यादा असे. पंचाहत्तर मिनिटांनंतर नवी इनिंग सुरू होत नसे. त्यामुळे बहुतेक सामने चार किंवा पाच इनिंगांत आटोपत. चार इनिंग धरल्या तर मैदानावर नऊ जागा गुणिले चार, म्हणजे छत्तीस वाटे होतात. बारा मुलींना ते प्रत्येकी तीन येतात आणि प्रत्येक मुलगी सामन्यात फक्त एक इनिंग बाहेर बसते. संघात चौदा मुली असत्या तर तोच वाटा अडीचच्या आसपास आला असता. बॅटिंगचेही तसेच आहे: चार पूर्ण इनिंगांत बारा जणी बाद होतात, म्हणजे किमान बारा वेळा कोणीतरी बॅटिंगला येते आणि बारा जणींच्या क्रमात प्रत्येकीला निदान एक संधी मिळते. तेव्हा वेळ न्याय्य वाटली जाणार की नाही, हे अर्धेअधिक संघात किती मुली घेतल्या यावरच ठरून जाते आणि तो निर्णय ऑगस्टमध्ये होतो, सामन्याच्या दिवशी नाही. या क्लबने बारावर थांबून दाखवले. शेजारच्या एका संघाने, जास्त फी गोळा होते म्हणून की काय, पंधरा मुली घेतल्या होत्या.

मी पूर्ण हंगाम एका वहीत इनिंग मोजल्या. शनिवारच्या बाबतीत क्लबने शब्द पाळला. चोवीस साखळी सामन्यांत एकही मुलगी दोनपेक्षा कमी इनिंग खेळली नाही आणि बहुतेक जणींना तीन मिळाल्या. पिचर (चेंडू टाकणारी) आणि कॅचर (बॅटरच्या मागे चेंडू झेलणारी) वगळता बाकीच्या सात जागा कोच आलटून पालटून देत; माझ्या मुलीने राइट फील्ड, सेकंड बेस आणि एकदा, तिच्या मोठ्या आनंदासाठी, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसमधली जागा) केले. हे करताना संघ हरतच होता असेही नाही. चोवीसपैकी चौदा सामने जिंकले. रविवारी, निवडक नऊ जणींना घेऊन, अठरापैकी अकरा जिंकले आणि एक स्पर्धाही. रविवारचे प्रतिस्पर्धी वेगळे असतात, त्यामुळे या दोन आकड्यांवरून मोठा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. परंतु सगळ्यांना खेळवले की हार ठरलेलीच, अशी जी भीती बाकाजवळच्या खुर्च्यांवरून सतत ऐकू येते तिला आमच्या हंगामात तरी आधार सापडला नाही.

माझी तक्रार रविवारची आहे. सही केली होती म्हणून ती करायची नाही असे मी ठरवले होते, पण जूनमधल्या पेनसिल्व्हेनियातील स्पर्धेनंतर मत बदलले. त्या रविवारी तीन सामने झाले. बाराजणींपैकी त्याच तिघी तिन्ही सामन्यांत बाकावर होत्या आणि त्यांत माझी मुलगी होती. दुसऱ्या सामन्याच्या दुसऱ्या इनिंगपासून तिने हेल्मेट मांडीवर घेतले होते आणि बॅटिंगच्या हातमोज्याची पट्टी उघडायची, लावायची, पुन्हा उघडायची असे ती करत राहिली. चौथ्या इनिंगला आमची कॅचर बेसवर पोहोचली, तेव्हा तिच्या जागी पळायला कोचने माझ्या मुलीला बोलावले. पिचर किंवा कॅचरसाठी बाकावरची मुलगी धावायला पाठवण्याची मुभा असते, त्यातला हा प्रकार. ती फर्स्टवरून सेकंडला, मग एका बंटवर थर्डला गेली आणि तिथेच तिसरी बॅटर बाद झाली. गुडघ्यावरची लाल माती झटकत ती परत येऊन बसली. संध्याकाळी गाडीत तिने विचारले, "आई, आज मी खेळले असं धरायचं का?" वहीत त्या दिवसाच्या रकान्यात काय लिहायचे हे मला रात्रीपर्यंत ठरवता आले नाही.

पहिला सामना आम्ही 9-1 असा जिंकला होता. तिसऱ्या इनिंगनंतर निकालाची शंका कोणालाही नव्हती आणि माझी नेमकी तक्रार एवढीच आहे. सॉफ्टबॉलचे नियम या बाबतीत क्रिकेटपेक्षा फार उदार आहेत: सुरुवातीच्या नऊंतली खेळाडू बाहेर काढली तरी बॅटिंग क्रमातल्या आपल्याच जागी ती एकदा परत येऊ शकते. आठ धावांची आघाडी असताना तिघींना एकेक इनिंग देऊन, गरज पडली असती तर मूळच्या मुलींना परत आणता आले असते. यात जिंकण्याला कोणताही धोका नव्हता. "निवड कोचची" या दोन शब्दांत कोचच्या सवयीलाही जागा मिळते, हे सही करताना माझ्या लक्षात आले नव्हते.

दुसरी बाजू त्याहून गंभीर वाटते. तिन्ही सामन्यांत पिचिंग एकाच मुलीने केले. बारा वर्षांची, सडसडीत बांध्याची ही मुलगी चाळीस फुटांवरून उत्तम चेंडू टाकते आणि सकाळच्या सामन्यात तिला कोणी नीट मारूही शकले नाही. तिसऱ्या सामन्यात मात्र तिचे चेंडू बॅटरजवळच्या प्लेटच्या आधीच खाली पडू लागले, एका इनिंगमध्ये तिने चार वॉक दिले (म्हणजे चुकीच्या चेंडूंमुळे चार बॅटरना फर्स्ट बेस फुकट मिळाला) आणि सामना तिथेच गेला. बाकावर बसलेल्या तिघींपैकी एक जण शनिवारी दोन सामन्यांत पिचिंग करून आलेली होती आणि तिने चांगले केले होते. लिटल लीगच्या बेसबॉलमध्ये 2007 पासून मुलाने एका दिवसात किती चेंडू टाकावेत याला मर्यादा आहे. आम्ही खेळलेल्या सॉफ्टबॉल स्पर्धांत चेंडू मोजण्याची सक्ती नव्हती. हात खालून फिरतो, म्हणून खांद्याला त्रास होत नाही असा समज इथे सर्रास आढळतो. त्या मुलीला तिसऱ्या सामन्यानंतर बर्फाची पिशवी खांद्यावर बांधून बसलेले ज्यांनी पाहिले, त्यांनी तो समज सोडून द्यावा. खेळायला न मिळणाऱ्या तिघी आणि उसंत न मिळणारी एक या एकाच निर्णयाच्या दोन बाजू होत्या आणि त्या दिवशी त्या निर्णयाने सामनाही हातचा घालवला.

क्लबचा नियम आहे की सामन्यानंतर चोवीस तास पालकांनी कोचशी त्या विषयावर बोलायचे नाही. मला तो नियम आवडला. सोमवारी संध्याकाळी मी बोलले तेव्हा माझा आवाज खाली आलेला होता. कोचने माझे पूर्ण ऐकून घेतले, वहीतले आकडे पाहिले आणि पहिल्या सामन्याबद्दल आपली चूक झाली हे सरळ मान्य केले. पिचिंगबद्दल मात्र ते म्हणाले की बाद फेरीत सर्वोत्तम पिचरला बसवले तर बाकीचे पालकच त्यांना जाब विचारतात. हे खरे आहे. मी स्वतः त्या पालकांच्या शेजारी बसते. त्यांच्या बोलण्यात महाविद्यालयीन शिष्यवृत्तीचा उल्लेख वारंवार येतो. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणाऱ्या 1972 च्या टायटल नाइन कायद्यानंतर अमेरिकेतील महाविद्यालयांत मुलींच्या खेळांना जे बळ मिळाले त्यातून सॉफ्टबॉल इथवर आला, हे मोठेच काम झाले. पण सर्वोच्च गटातील (डिव्हिजन वन) महाविद्यालयीन कोचना शाळेच्या अकरावीच्या वर्षातील 1 सप्टेंबरपूर्वी मुलींशी निवडीबाबत बोलताही येत नाही. सहावीतल्या मुलीच्या एका रविवारावर कोणाचे भवितव्य टांगलेले नसते.

मी स्वतः जळगावात शाळेच्या संघातून सॉफ्टबॉल खेळले. तिथे हा खेळ मुलींमध्ये जोरात होता आणि जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणे ही घरच्यांसाठी अभिमानाची गोष्ट होती. दोन वर्षे मी संघाच्या यादीत होते आणि त्यातले पहिले पूर्ण वर्ष मी मोज्यांच्या पिशव्या सांभाळण्यात घालवले. वेळ किती मिळणार, हे सरांना विचारण्याची कल्पनाही कोणाच्या मनात आली नाही. त्या तुलनेत इथे लेखी पत्रक मिळते आणि वही उघडून कोचशी बोलता येते, याची किंमत मला कळते. म्हणूनच तक्रारी असूनही या क्लबला पाचपैकी साडेतीन गुण देते: एक गुण रविवारच्या पिचिंगसाठी आणि अर्धा त्या 9-1 च्या सामन्यासाठी कापला आहे.

सोमवारच्या त्या बोलण्यानंतर उरलेल्या दोन स्पर्धांत थोडा बदल झाला. मोठी आघाडी मिळाली की बाकावरच्या मुली आत जाऊ लागल्या आणि जुलैतल्या शेवटच्या रविवारी दुसऱ्या पिचरने एक पूर्ण सामना टाकला. तो आम्ही 4-6 असा हरलो. तिच्या आईने निघताना माझा हात हातात घेऊन क्षणभर घट्ट धरला आणि मग आम्ही दोघी खुर्च्या घड्या करू लागलो.

पुढच्या वर्षासाठी मुलीला इथेच राहायचे आहे, कारण तिच्या मैत्रिणी इथे आहेत आणि शॉर्टस्टॉपची ती एक इनिंग ती अजून विसरलेली नाही. मी क्लबला दोन गोष्टी लेखी कळवायला सांगितल्या आहेत: संघात बारापेक्षा जास्त मुली घेणार का आणि एका दिवसात एक मुलगी जास्तीत जास्त किती इनिंग पिचिंग करणार. पहिल्याचे उत्तर आले आहे, बाराच. फी भरण्याची मुदत पंधरा ऑगस्टपर्यंत आहे. दुसऱ्या उत्तराची आम्ही वाट पाहत आहोत.