जखमेवरचा हर्बल स्प्रे: अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

औषधाबद्दल फारशी तक्रार नाही. तक्रार नोझलची आहे आणि ती मी सविस्तर करणार आहे.

गोठा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. श्वेतकपिला या गोव्याच्या स्थानिक जातीच्या गाई आणि एक जर्सी संकरित. जून ते सप्टेंबर आमच्याकडे गोठा कोरडा राहत नाही. दाव्याने घासलेली मान असो की गोचीड काढलेला कान, माशी बसलीच म्हणून समजा. म्हणून पावणेदोनशे रुपये मोजून देवदार-निलगिरी-कडुनिंब तेलाचा हा स्प्रे आणला.

बाटली उभी धरली तरच फवारा येतो. जरा कलली की नळी हवा ओढते आणि नुसतं फुस्स. आता अळ्या पडतात कुठे? वासराच्या नाळेत, खुरांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी. गाईखाली उकिडवं बसून, तिच्या लाथा चुकवत, बाटली सरळ धरून दाखवा! त्यात तेल सुकून भोक बुजतं ते वेगळंच. हेल्पलाइनवर विचारलं तर म्हणे ‘हलवून वापरा’. दुकानदार म्हणतो कोमट पाण्यात ठेवा. बदलून द्यायचं नाव कोणी काढत नाही.

एवढं जुलैत लिहून ठेवलं होतं, शेवटी ‘पैसे पाण्यात’ असा शेराही मारला होता. तो शेरा आता अर्धा मागे घेतो.

चवथीच्या आधी जर्सीचं शिंग मोडलं आणि बुडाशी अळ्या झाल्या. घाण वास, रक्ताळ पाणी, गाय चाऱ्याला तोंड लावेना. स्प्रे मारला तर वरच्या चार वळवळल्या, बाकीच्या आणखी आत. डॉक्टरांनी टॉर्च मारून दाखवलं: अळीचं डोकं मांसात, शेपूट बाहेर, श्वास शेपटाकडून. ही क्रायसोमिया बेझियाना नावाची माशी, हिच्या अळ्या जिवंत मांस खातात. एक मादी जखमेच्या कडेला दीडशे-दोनशे अंडी घालते आणि ती 12 ते 24 तासांत फुटतात. म्हणजे काल साफ दिसलेल्या जखमेचा आज भरवसा नाही.

टर्पेंटाइनचा बोळा जखमेत बसवला. हवा कोंडल्यावर अळ्या वर आल्या, मग चिमट्याने एकेक ओढली. टर्पेंटाइन रोज ओतू नका, मांस भाजतं आणि जखम भरत नाही. नंतर पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने धुऊन पोव्हिडोन आयोडीन. गाय आटलेली होती म्हणून डॉक्टरांनी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनही दिलं. दुभत्या गाईला ते मनानेच देऊ नका, दुधात उतरतं.

आणि मग जखमेच्या कडेने हाच स्प्रे. इथे मात्र मानलं. जखम भरेपर्यंत माशी फिरकली नाही. आत शिरलेल्या अळ्या काढणं हे त्याचं कामच नाही, बाटलीवर काहीही छापलेलं असो. कालवड व्याली तेव्हा वासराच्या नाळेला आधी टिंक्चर आयोडीन आणि भोवती हे तेल लावलं, काही झालं नाही.

काढलेल्या अळ्या उकळत्या पाण्यात टाकायच्या. शेजारचे काका त्या अंगणातच झटकतात. त्या मातीत शिरून कोष करतात आणि माश्या होऊन परत आपल्याच गोठ्यात! त्यांची डांबरगोळीची पूडही नको, गाय चाटते आणि ते विष आहे.

खर्चच वाचवायचा तर पहिल्या दिवशी खोबरेलात कापूर किंवा सीताफळाच्या पाल्याचा लगदा. एनडीडीबी, म्हणजे राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळही हेच सांगते. नारळ आमच्या कुळागरातलेच (माड-पोफळीच्या बागेतले), त्यामुळे मला कापराचेच काय ते पैसे.

नोझल मी फेकून दिलं. सुई काढलेल्या सिरिंजने तेल ओढतो आणि हवं तिथे सोडतो, बाटली कलती करायचा प्रश्नच नाही. परवा दुसऱ्या दुकानात कळलं, हेच औषध साध्या बुचाच्या मोठ्या बाटलीत मिळतं आणि मिलीच्या हिशेबाने बरंच स्वस्त पडतं. पहिल्या दुकानदाराने ते कधी दाखवलंच नाही. पुढची खरेदी आता तिथून नाही.