रेन रिपेलंट लावलेली काच: एक्सप्रेसवेवर झकास, भूमकर चौकात डोक्याला ताप

हिंजवडीतून संध्याकाळी भूमकर चौकाच्या गर्दीतून गाडी काढून वारजे-कोथरूड साइडला येणाऱ्यांसाठी लिहितेय, बाकीच्यांनी पण वाचा, फक्त तुमचा रस्ता वेगळा असेल तर मार्क तुमचे तुम्ही द्या. काचेला चोळायची ती छोटी बाटली मिळते ना, रेन रिपेलंट, लावली की काचेवर पाणी थांबतच नाही म्हणे, ती घेतली, उन्हाळ्यात लावली आणि वळवात, नंतर जून-जुलैच्या पावसात पण वापरून बघितली. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण ऑफिसात प्रत्येकाची कंपनी वेगळी आणि रडगाणं मात्र सेम, म्हणजे प्रॉब्लेम एका बाटलीचा नाही, या प्रकारच्या मालाचाच आहे.

आधी चांगलं सांगते, कारण जाहिरात खोटी नाहीये. एक्सप्रेसवेवर लोणावळ्याकडे जाताना पाऊस लागला तेव्हा खरंच मजा आली. लेप असला की पाणी काचेवर पसरत नाही, गोळा होऊन त्याचे थेंब होतात, आणि गाडी साधारण साठ-पासष्टच्या पुढे गेली की समोरचा वारा ते थेंब वर ढकलून छतावरून उडवून देतो. मध्यम पावसात वायपर बंद ठेवून पण समोरचं स्वच्छ दिसत होतं, शेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या अगं वायपर लाव की, तर म्हणलं आई बघा ना, गरजच नाही. हायवेला पाच पैकी पाच.

आता वळीव. ज्यांनी पुण्याचा एप्रिल-मे काढलाय त्यांना सांगायला नको. दिवसभर तापतं, दुपारनंतर काळे ढग उभे राहायला लागतात आणि बरोबर ऑफिस सुटायच्या टायमाला आधी धुळीचं वादळ, मग टपोरे थेंब, मग विजा आणि मग आभाळ फाटल्यासारखं ओततं, कधी गारा पण. तेव्हा आपण कुठे असतो, तर हिंजवडीच्या फेज थ्रीमधून निघून मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेने शिवाजी चौकाकडे सरकत असतो, सरकत म्हणजे खरंच सरकत, पहिल्या गिअरमधून दुसरा टाकायची वेळ आली तर पार्टी द्यावी असा स्पीड. थेंब उडवायला वाराच नाही! मग ते सगळे थेंब काचेवर जागच्या जागी बसून राहतात, आणि समोरून एलईडी हेडलाइटवाला आला की त्यातला प्रत्येक थेंब भिंगासारखा चमकतो, काचेवर कुणीतरी साबुदाणा सांडलाय आणि मागून बॅटरी मारतंय असं दिसतं. साध्या काचेवर पाणी निदान सपाट पसरतं हो, वायपर फिरला की निघून जातं. इथे वायपर फिरल्यावर पण अर्धा सेकंद एक धुरकट पट्टा राहतो, तो विरेपर्यंत पुढचा थेंब आलाच. दिवसा चालून जातं एकवेळ, पण संध्याकाळी साडेसहाला ढगांनी अंधारून आलेलं असतं, त्यात बाइकवाले काळे रेनकोट घालून डावीकडून उजवीकडून घुसत असतात, तेव्हा तो अर्धा सेकंद लय महाग पडतो.

आणि वायपरची टरटर वेगळीच. लेपावर रबर नीट सरकत नाही, उड्या मारत जातं, विशेषतः रबर जुनं असेल तर. मी नाना पेठेतून नवीन फ्रेमलेस ब्लेड आणून टाकले तेव्हा नव्वद टक्के आवाज गेला, आणि खरं सांगू का, अर्धी सुधारणा त्या ब्लेडचीच होती, बाटलीला उगाच क्रेडिट मिळालं. म्हणून ऑर्डर करायच्या आधी वायपर वर उचलून रबरावरून बोट फिरवा, कडक झालं असेल किंवा धार खरखरीत लागली तर पैसे आधी तिकडे घाला. उन्हाळाभर गाडी उन्हात उभी असते आणि रबराची वाट तेव्हाच लागते, पावसात फक्त ते आपल्याला कळतं.

पण माझी मेन तक्रार अजून पुढे आहे. वाकड सोडलं, बाणेर-सूसच्या पुढे हायवे जरा मोकळा मिळाला की वाटतं चला, आता सत्तरने जाऊ म्हणजे काच साफ होईल. इथेच घोळ आहे. ज्या स्पीडला हा लेप काम करायला लागतो, साधारण त्याच्याच आसपास साचलेल्या पाण्यात टायरची रस्त्यावरची पकड सुटायला लागते. टायरच्या खाचांमधून पाणी बाहेर टाकायला वेळ मिळाला नाही तर टायर पाण्याच्या थरावर तरंगतो, मग स्टिअरिंग एकदम हलकं लागतं आणि ब्रेकचा काही उपयोग नाही. खाच घासून 1.6 मिलिमीटरवर आली की टायर बदलायचाच असतो, खाचेत जे छोटे उंचवटे असतात त्यांच्या लेव्हलला टायर आला म्हणजे समजायचं संपला, पण जोराच्या पावसात त्याच्या बऱ्याच आधीपासून पकड कमी होत जाते. त्यात वळवाचा पहिला पाऊस म्हणजे महिन्यांची धूळ, ऑइल, रबराची पावडर सगळं एकत्र भिजून रस्ता नुसता बुळबुळीत. म्हणजे जोराच्या पावसात हळू जायचं तर बाटली काम करत नाही, आणि बाटलीने काम करावं म्हणून जोरात जायचं तर आपणच डिव्हायडरवर! मध्यम पाऊस, वाहून जाणारं पाणी, चांगला रस्ता आणि चांगले टायर एवढं सगळं एकत्र असेल तर घ्या, आणि आमच्या रूटवर हे सगळं एकत्र भेटलं तर मलाही कळवा.

आतून धुकं धरतं त्यावर ही बाटली काहीच करत नाही, आणि रिव्ह्यूंमध्ये अर्धे लोक हेच घोळून बसलेत. ओले कपडे, ओल्या छत्र्या, चार माणसं, आणि बाहेर वादळाने दहा मिनिटांत गारठा केलेला, तर काच आतून पांढरी होणारच. त्यावर उपाय फुकट आहे, एसी चालू ठेवा, हवा समोरच्या काचेवर सोडा आणि आतलीच हवा फिरवायचं बटण बंद करा. फक्त एसी एकदम सोळावर नको, बाहेर दमट असेल तर काच उलट बाहेरून धुरकट होते आणि मग माणूस आतून फडकं मारत बसतो, ते कसं पुसलं जाणार!

जिथे बाटलीचे पैसे वसूल झाले ती जागा म्हणजे बाजूच्या काचा. तिथे वायपर नसतो त्यामुळे धुरकट पट्ट्याची भानगडच नाही, काच उभी असल्याने थेंब आपोआप घरंगळतात आणि आरशाकडे बघताना मधली काच मोकळी मिळते. चांदणी चौकात 2023 ला नवीन रॅम्प सुरू झाले, तिथे पावसात बोर्ड वाचून लेन बदलताना डावीकडचं दिसणं किती गरजेचं आहे ते तिथून जाणाऱ्यालाच कळेल. आरशांना पण लावलं होतं, तिथे यथातथाच.

लावायला कष्ट आहेत, पाच मिनिटांत होतं असं लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी, काचेवर पांढरे डाग पक्के बसलेले, त्याच्यावर लेप धरतच नाही. आधी काचेचं पॉलिश घेऊन डाग काढा, मग धुवा, पूर्ण वाळू द्या, मग सावलीत गोल गोल चोळा, पांढुरकं झालं की मायक्रोफायबरने पुसा, आणि सगळं परत एकदा. उन्हात केलं तर डाग डाग राहतात. एवढं करून वायपर जिथे फिरतो तिथला लेप पावसाळ्याच्या मध्यालाच जातो, कडेचा राहतो, मग काच मध्ये एक आणि कडेला एक अशी विचित्र दिसते.

आणि खरा बदाबदा आला की कुठलाच लेप, कुठलाच वायपर पुरत नाही, तेव्हा थांबायचं. पण होर्डिंगखाली नको, प्लीज. एप्रिल 2023 ला किवळ्याला सर्व्हिस रोडच्या कडेला वादळात आडोशाला थांबलेल्यांवर होर्डिंग पडलं, पाच जण गेले, आणि मे 2024 ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. झाड पण नको. विजेचं म्हणाल तर काचा बंद करून गाडीतच बसा, पत्र्याची बॉडी वीज बाहेरून जमिनीत नेते, टायर रबरी असल्यामुळे वाचतो हा गैरसमज आहे. मी हल्ली निघायच्या आधी दामिनी ॲप बघते, आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, आसपास 20 आणि 40 किलोमीटरच्या टप्प्यात विजा असल्या की सांगतं, लाल दिसलं तर वर कँटीनला जाऊन अजून एक चहा. आणि चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावणाऱ्या बंधू-भगिनींनो, तुम्ही वळणार आहात की थांबलाय हे मागच्याला कळत नाही हो, हेडलाइट लो बीमवर लावा, बास.

बाटली साडेतीनशेच्या आसपास पडते आणि हॅचबॅकच्या सगळ्या काचांना दोनदा लावून थोडी उरते. रोज एक्सप्रेसवेवरून जाणाऱ्याने पुढच्या काचेला जरूर लावा. माझ्यासारख्याने फक्त बाजूच्या काचांना. पुढच्या काचेवरचा लेप मी पॉलिशने घासून काढून टाकला, तो काढायला लावण्यापेक्षा जास्त वेळ गेला. माझ्याकडून अडीच स्टार, तेही बाजूच्या काचांचे.