टू-स्ट्रोक एटीव्ही: ऑइल हाताने मिसळायचं की ऑइल पंपवाली घ्यायची?

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन आणि क्रँकच्या बेअरिंगना ऑइल मिळतं ते पेट्रोलच्या वाटेने, म्हणून नवी एटीव्ही (कच्च्या रस्त्यावरची, जाड टायरांची उघडी गाडी) घेताना हा प्रश्न आधी सोडवा.

हाताने मिसळायच्या गाडीत भाग कमी, बिघाडही कमी. 32:1 प्रमाण (32 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल) असेल तर 5 लिटर पेट्रोलला साधारण 156 मिली टू-स्ट्रोक ऑइल, तेही मापाने. आधी ऑइल आणि थोडं पेट्रोल कॅनमध्ये घालून हलवा, मग उरलेलं ओता. ‘थोडं जास्त बरं’ म्हणून ऑइल वाढवू नका: स्पार्क प्लग काजळतो, शिवाय तेवढं पेट्रोल कमी जाऊन हवा-पेट्रोलचं मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), इंजिन तापतं. महिनाभर पडून राहिलेलं पेट्रोल-ऑइलचं मिश्रण वापरू नये. लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवलात तर पेट्रोलबरोबर ऑइलही आटतं. मधूनमधून हलकी रेस द्या.

पंपवाली गाडी रोजच्या वापराला सोयीची. थ्रॉटल आणि इंजिनाच्या वेगानुसार पंप वेगळ्या टाकीतलं ऑइल कमीजास्त करतो, म्हणून धूरही कमी. पण ऑइलची टाकी एकदा रिकामी झाली की नळीत हवा शिरते. नुसती टाकी भरून गाडी चालू केलीत तर पिस्टन जाम होऊ शकतो. पंपाचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल करा, बुडबुडे थांबून सलग ऑइल येईपर्यंत थांबा, मगच आवळा. थ्रॉटलशी जोडलेली पंपाची केबल ताणली गेली की पंपावरच्या खुणा जुळत नाहीत. त्या नियमित तपासा.

ऑइलची पातळी बघायचा विसर पडणाऱ्याने पंपवाली घेऊच नये.