यकृताचा कडकपणा: फायब्रोस्कॅन की एमआर इलॅस्टोग्राफी?

सुरुवात फायब्रोस्कॅननेच करावी: त्वचेवर ठोका देऊन यकृतात लहर पाठवायची आणि तिच्या वेगावरून कडकपणा मोजायचा, अशी ही अल्ट्रासाउंड तपासणी. दहा मिनिटांत उरकतो. तीन तास उपाशी, उताणं झोपून उजवा हात डोक्यामागे. बरगड्यांच्या फटीत प्रोब काटकोनात धरून 50 हर्ट्झचे ठोके, दहा वैध मापं. आयक्यूआर (मधल्या निम्म्या मापांचा पसारा) मध्यकाच्या 30 टक्क्यांवर गेला तर आकडा धरू नका. जाड रुग्णाला एक्सएल प्रोब लागतो. पोटात पाणी असेल तर लहर यकृतापर्यंत पोचतच नाही.

तिथे एमआर (एमआरआय यंत्रात लहरींवरून कडकपणा मोजणारी इलॅस्टोग्राफी) कामाला येतो. पट्ट्याने बांधलेली चकती 60 हर्ट्झने थरथरते, श्वास सोडून रोखायचा. यकृताचा मोठा भाग मोजला जातो. मात्र यकृतात लोह साठलेलं असेल तर ग्रेडियंट-एकोचा (त्यात वापरला जाणारा एमआर स्कॅनचा प्रकार) सिग्नलच मरतो. खर्चही जास्त.

दोन्ही रिपोर्टांवर एकक किलोपास्कलच असतं, पण आकडे ताडून पाहू नका: फायब्रोस्कॅन यंग मॉड्युलस (ताणण्या-दाबण्याला होणारा विरोध) देतो, एमआर शिअर मॉड्युलस (थर एकमेकांवर सरकवण्याला होणारा विरोध). पहिला साधारण तिप्पट.